एरर किती लिहायची, कुठे आणि कुणी: एका पॅचच्या रिव्ह्यूच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आमच्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरला बऱ्याच दिवसांनी बाहेरून पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा प्रस्ताव, आलाय. पाठवणारा नाशिककडचा विद्यार्थी. सुट्टीत घराजवळच्या वाचनालयात आपलं सॉफ्टवेअर बसवून द्यायला गेला आणि तिथेच अडकला. मागणी साधी आहे: डेटाबेसच्या एरर लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) किती लिहायच्या आणि कुठे लिहायच्या, हे सेटिंगमधून ठरवता यावं. पॅच मात्र साडेपाचशे ओळींचा.

मनात पहिलं आलं ते इथेच लिहून टाकते, त्याला नको: कशाला हवंय? एरर आली की लिहायची, त्यात आवडनिवड कसली? सेटिंग वाढलं की फोनवर विचारायचा एक प्रश्न वाढतो. "ते चालू आहे का तुमच्याकडे?" "कुठलं ते?" इथून सुरुवात.

पण त्याने दिलेलं कारण वाचलं आणि गप्प बसले. जुन्या दाखल नोंदवहीची एक्सेल फाइल रोज रात्री आयात करायचं काम कुणीतरी तिथे लावून ठेवलंय. अकरा हजार पुस्तकं, सगळी आधीच चढवलेली. म्हणजे रोज रात्री अकरा हजार वेळा पोस्टग्रेसचा, म्हणजे आपल्या डेटाबेसचा, २३५०५, युनिक बंधन (तेच मूल्य दोनदा नको) मोडल्याचा कोड, आणि आपण प्रत्येक वेळी चाळीसेक ओळींचा ट्रेसबॅक (एरर कुठून कुठून आली त्याची यादी) लिहितो. हिशेब केला: रात्रीला तीस-पस्तीस एमबी, महिन्याला जीबीभर. जुन्या संगणकाची छोटी डिस्क, ती भरली. देवघेव बंद. वाचनालयाने दोन दिवस वहीवर काम केलं.

खरं औषध आयातीत "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" (आधीच असेल तर सोडून दे) लावणं हे आहे. ते पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे, आम्हीच आळस केला. त्याची कामांच्या यादीत वेगळी नोंद टाकली. पॅच तरीही नीट वाचायचाच.

५ ऑगस्ट, मंगळवार

वाचला. तीन सेटिंग्ज आहेत: पातळी, तपशील (ऑफ, थोडक्यात, पूर्ण) आणि ठिकाण (फाइल, एस्टीडीएरर म्हणजे प्रोग्रॅमचा एरर बाहेर टाकायचा नेहमीचा मार्ग, किंवा डेटाबेसमधलं टेबल). सगळ्याचा गाभा एक डेकोरेटर (फंक्शनभोवतीचं पायथनचं वेष्टण), तो डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या एक्झिक्यूटवर बसवलाय. कोड स्वच्छ आहे. नावं चांगली आहेत, आमच्यापेक्षा चांगली.

पहिली मोठी अडचण तपशील "ऑफ" असतानाची. त्या फांदीत एरर पकडणाऱ्या एक्सेप्टमध्ये शिरून सरळ रिटर्न नन. लॉग लिहायचा नाही म्हणून एररच गिळून टाकलीय.

वाचून कळलं होतं, तरी करून बघितलं. चाचणीच्या डेटाबेसमध्ये अनामत परत करायच्या टेबलावर मुद्दाम नोंद नाकारणारं चेक बंधन लावलं आणि सभासदाची अनामत परत केली. पडद्यावर हिरवी पट्टी: "नोंद झाली." टेबलात काहीच नाही. काउंटरवर पैसे मात्र गेले असते.

रिव्ह्यूत लिहिलं: लॉग बंद करणं आणि एरर वर न पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. या डेकोरेटरने लिहावं किंवा न लिहावं, पण शेवटी रेज करायचंच (एरर वर पाठवायचीच), कुठल्याही सेटिंगमध्ये.

जाता जाता आणखी एक: दुसऱ्याच्या ॲपमध्ये वापरायच्या कोडच्या आत बेसिककॉन्फिग (लॉगिंगची मांडणी करणारं फंक्शन) बोलावू नकोस. रूट लॉगरला, म्हणजे सगळ्यात वरच्या लॉगरला, हँडलर (नोंद कुठे जाईल ते ठरवणारा भाग) आधीच असेल तर नंतरचं बेसिककॉन्फिग काहीच करत नाही. म्हणजे आपण आधी बोलावलं तर ज्याचा ॲप आहे त्याने केलेली मांडणी गुपचूप वाया जाते. आपण काहीच न लिहिणारा नलहँडलर लावून बाजूला व्हायचं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उत्तर लगेच आलं. "मॅडम, रेज केलंय. टेस्टपण टाकली." मॅडम नको म्हटलं. आता ताई म्हणतोय. ठीक.

आजचा दिवस "थोडक्यात" या प्रकारावर गेला. त्याने काळजी घेतलीय: क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) लिहितो, पॅरामीटर (तिच्यात भरायची मूल्यं) लिहीत नाही. कल्पना बरोबर आहे. पण करून बघितलं.

सभासदांच्या टेबलात मोबाइल नंबर युनिक आहे. दहा वेळा नऊ असा नंबर टाकून एक सभासद केला, मग त्याच नंबराने दुसरा. लॉगमध्ये क्वेरी आली, मूल्यांच्या जागी टक्का-एस, छान. त्याच्या खाली मात्र पोस्टग्रेसची डीटेलची ओळ, आणि तिच्यात कंसामध्ये कॉलमचं नाव आणि पूर्ण नंबर. कारण तो एक्सेप्शनची (पकडलेल्या एररची) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करून लिहितो, आणि सायकोपीजीच्या, म्हणजे पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या कोडच्या, एक्सेप्शनच्या स्ट्रिंगमध्ये सर्व्हरने पाठवलेली डीटेल येते. दारं लावली, खिडकी उघडी राहिली.

मग पत्ता रिकामा ठेवून सभासद भरला. नॉट नल (रिकामं नको) बंधन मोडलं. या वेळी डीटेलमध्ये अख्खी ओळच: फेलिंग रो कंटेन्स, आणि पुढे नाव, जन्मतारीख, मोबाइल, सगळं.

डीटेल गाळून फक्त मुख्य संदेश ठेवू म्हटलं, तर तिसरा प्रयोग आडवा आला. पावती क्रमांकाच्या चौकटीत आकड्याऐवजी नाव लिहिलं (काउंटरवर हे रोज होतं, टॅब दाबायचा राहतो). एरर २२पी०२, आणि मुख्य संदेशातच अवतरणचिन्हात ते नाव. म्हणजे मुख्य संदेशही भरवशाचा नाही.

त्याला लिहिलेलं इथे उतरवून ठेवते. "थोडक्यात" मध्ये फक्त एसक्यूएलस्टेट (तो पाच अक्षरी कोड), आणि एक्सेप्शनच्या डायगमधून (सुट्या माहितीतून) टेबलाचं नाव आणि बंधनाचं नाव, असेल तर. सर्व्हरने शब्दांत लिहिलेलं काहीही नाही. संदेशाच्या मजकुरावरून एरर ओळखायचीही नाही, तो मजकूर सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतो. कोड बदलत नाही.

इतकं खोलात का, असं तो विचारेल, म्हणून कारणही दिलं. आमच्याकडे लॉग फाइल कशी येते? व्हॉट्सॲपवर. ग्रंथपाल फोनवरून पाठवतात, आम्ही पुढे एकमेकांना पाठवतो. दोन वर्षांपूर्वीच्या फाइली अजून माझ्या फोनमध्ये असतील. लॉग ही सभासद नोंदवहीची प्रत व्हायला नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा बाजूला ठेवला, तरी गावात कोण कुठलं पुस्तक नेतंय हे बाहेर जाता कामा नये.

सर्व्हरचा स्वतःचा लॉग वेगळाच. तिथे डीटेल गाळायची तर लॉग_एरर_व्हर्बॉसिटी "टर्स" करावी लागते. एररच्या वेळी पॅरामीटर लिहायचे की नाही याचं सेटिंग पोस्टग्रेस १३ पासून आहे आणि मुळात ते बंद असतं, तेवढं बरं. पण आपल्या दोन जुन्या वाचनालयांत अजून सायकोपीजी २ आहे. ते मूल्यं क्वेरीतच भरून पाठवतं, त्यामुळे तिथे नंबर थेट स्टेटमेंटच्या ओळीत दिसतो. स्थापनेच्या मार्गदर्शिकेत एक परिच्छेद लागेल. तो मी लिहीन.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी, काम नाही. आज त्याचा प्रश्न: "ताई, मग थोडक्यात मध्ये उरलं काय?" खरंय, फार नाही उरलं. कोड, टेबल, बंधन, कुठल्या फंक्शनमधून आलं ते. मला तेवढं पुरतं. पूर्ण हवं असेल तेव्हा "पूर्ण" लावायचं, आणि ते लावलेलं असताना ॲप सुरू होताना तशी ओळ लॉगमध्ये पडली पाहिजे, विसरून राहू नये म्हणून. त्याने मान्य केलं, थोडं कुरकुरत.

१३ ऑगस्ट, बुधवार

ठिकाण: टेबल. मला वाटलं होतं हा भाग झटकन होईल.

त्याची कल्पना अशी की ग्रंथपालांना फाइल उघडता येत नाही, पडद्यावर एररची यादी दिसली तर बरं. चांगली कल्पना. पण एरर आली की तो त्याच कनेक्शनवर एरर_नोंद टेबलात इन्सर्ट करतो. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामाच्या) आत एक स्टेटमेंट फसलं की रोलबॅक (सगळं रद्द) होईपर्यंत पुढचं प्रत्येक स्टेटमेंट नाकारलं जातं, २५पी०२. म्हणजे एररची नोंद करणारं इन्सर्टच फसतं. ते फसतं म्हणून त्याचा डेकोरेटर जागा होतो, आणि तो काय करतो? ही नवी एरर नोंदवायला जातो. ती फसते. पुन्हा जागा होतो.

चालवून बघितलं. पायथनची एकात एक हाकांची हजाराची मर्यादा गाठून रिकर्शनएरर आली. मूळ २३५०५ बिचारा त्या ढिगाऱ्याच्या तळाशी.

त्याचं उत्तर तासाभरात: वेगळं कनेक्शन उघडतो, ऑटोकमिटवर (प्रत्येक स्टेटमेंट लगेच कायम). याने वरची अडचण सुटते, खोटं नाही. मग मी विचारलं, कनेक्शनं संपल्यामुळेच एरर आली असेल तर? ५३३०० आला की दुसरं कनेक्शन कुठून आणणार? सर्व्हर बंद असेल तर? आणि त्याच्या वाचनालयात जे झालं ते, डिस्क भरली तर? ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडेच तक्रारपेटी ठेवायची नाही.

टेबल बाद. पडद्यावरची यादी हवी असेल तर ती लॉग वाचून दाखवू, तो वेगळा पॅच.

मग फाइलच्या ठिकाणाकडे वळले आणि आमचाच जुना कोड समोर आला. लॉग फाइल आम्ही रोटेटिंगफाइलहँडलरने लिहितो. नाव रोटेटिंग. मॅक्सबाइट्स (फाइलचा कमाल आकार) दिलेलेच नाहीत, आणि ते न दिल्यास मुळात शून्य असतात, आणि शून्य असले की ती फाइल कधीच फिरत नाही (जुनी बाजूला ठेवून नवी सुरू होत नाही). नुसती वाढते. नाशिकची डिस्क रात्रीच्या आयातीने भरली हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं माझ्या २०१९ च्या एका ओळीमुळे. त्याला तसं सांगितलं. त्याने हसणारा चेहरा पाठवला, पुढे काही नाही. शहाणा आहे.

शेवटी असं ठरतंय की ठिकाण हे सेटिंगच नको. सगळं एस्टीडीएररवर. उबंटूवर सर्व्हिस म्हणून चालतं तिथे ते सिस्टमडीच्या जर्नलमध्ये (सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगमध्ये) जातं, आणि जर्नल आपली मर्यादा आपणच पाळतं: मुळात फाइलसिस्टिमच्या दहा टक्के, तेही जास्तीत जास्त ४ जीबी. ज्याला दुसरीकडे हवं त्याने पायथनच्या लॉगिंगची आपली मांडणी करावी. तीन सेटिंग्जची दोन झाली.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज एक मजेशीर सापडलं. मजेशीर म्हणजे सापडल्यावर.

"पूर्ण" मध्ये पॅरामीटर फार लांब असू नयेत म्हणून तो ते २०० बाइटवर कापतो: एन्कोड (अक्षरांचे बाइट), पहिले २००, परत डीकोड (बाइटची अक्षरं). त्याच्या टेस्टमध्ये सगळी पुस्तकं इंग्रजी नावांची. मी पुस्तकाच्या टिपेत मराठी परिच्छेद भरला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. "ज्ञानेश्वरी" लिहायला अकरा चिन्हं, तेहतीस बाइट. २०० ला ३ ने भाग जात नाही, मधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटच्या, म्हणजे कात्री कुठे पडेल ते दैवावर. माझ्या परिच्छेदात ती एका चिन्हाच्या मधोमध पडली आणि युनिकोडडीकोडएरर उडाली. तीही कुठे? एरर लिहिणाऱ्या कोडच्या आत.

नुसता लॉग बिघडला असता तर एवढं नव्हतं. पण आता वर जाणाऱ्या एक्सेप्शनचा प्रकारच बदलला. देवघेवीचा पडदा युनिक बंधन मोडल्याची वाट पाहत असतो, ते आलं की म्हणतो "हे पुस्तक आधीच दिलेलं आहे." त्याच्या हातात युनिकोडची एरर पडली, तो म्हणाला "अनपेक्षित अडचण, प्रशासकाशी संपर्क साधा." प्रशासक म्हणजे मी. मराठी मजकूर असला तरच येणारी चूक, मराठी वाचनालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये!

दुरुस्ती: बाइट नाही, स्ट्रिंग कापायची. त्यानेही एखादं जोडाक्षर मधे तुटून पाय मोडका उरतो. ते चालेल, लॉगच आहे. आणि लिहिणारा सगळा भाग स्वतःच्या ट्रायमध्ये, म्हणजे तिथे काहीही झालं तरी मूळ एरर तशीच वर जाईल. गिळायला परवानगी आहे अशी ही एकमेव जागा, आणि तिथेही "नोंद लिहिता आली नाही" एवढी ओळ टाकायची.

त्याच ओघात जेसनचंही (अख्खी नोंद एका ओळीत बसवायचा साचा). पत्त्यात एक्सेलमधून आलेल्या नव्या ओळी असतात, त्यामुळे एका एररच्या चार ओळी होतात, म्हणून त्याने जेसन केलं. बरोबर केलं. पण पायथनचं जेसन मुळात सगळं ॲस्कीत (नुसत्या इंग्रजी अक्षरांत आणि खुणांत) बसवतं. "शिंदे" ची पाच चिन्हं, प्रत्येकाची उलट तिरपी रेघ, यू आणि चार आकडे अशी सहा-सहा अक्षरं, एकूण तीस. ग्रंथपालच काय, मीही वाचू शकत नाही. ते बंद करायचं: एन्शुअर_ॲस्की फॉल्स.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पातळीचं सेटिंग. इथे मला मत बदलावं लागलं.

आमचं वर्गणीचं काम सिरियलायझेबल (एकामागून एक केल्यासारख्या) ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं. दोन काउंटर एकाच वेळी चालू असले की अधूनमधून ४०००१ (टक्कर झाली, पुन्हा करा) येतो, आपण तीनदा प्रयत्न करतो, बहुतेक दुसऱ्यांदा जमतं. डेडलॉकचं (दोन कामं एकमेकांसाठी अडकणं), ४०पी०१ चं, तसंच. डेकोरेटर एक्झिक्यूटवर बसलेला असल्याने त्याला हे कळायला मार्ग नाही. तो प्रत्येक प्रयत्नाला लाल अक्षरात एरर लिहितो, पैसे व्यवस्थित जमा झालेले असतानाही. शिवाय त्याने ट्रान्झॅक्शनलाही डेकोरेटर लावलाय, म्हणून तीच एरर दोनदा.

माझं म्हणणं होतं की कोडांचा तक्ता करू: ४० ने सुरू होणारे इशारा, २३ चे माहिती, ०८ आणि ५३ चे एरर. तो म्हणाला, "ताई, पण आयातीतला २३५०५ आणि सभासद भरतानाचा २३५०५ एकच आहे का?"

नाही. आयातीत तो अपेक्षितच आहे. सभासद भरताना तो काउंटरवरच्या बाईंना विचारायचा प्रश्न आहे: नंबर चुकला, की हे आधीपासूनचे सभासद? आणि पावती क्रमांक आपण स्वतः तयार करतो, तिथे २३५०५ आला तर आपल्याच कोडमध्ये काहीतरी गंभीर बिघडलंय, रात्री फोन आला तरी चालेल. कोड तोच. एक्झिक्यूटच्या पातळीवर यातलं काहीच माहीत नसतं. ज्याने काम सांगितलं त्यालाच माहीत असतं.

माझा तक्ता गेला. आता ज्या फंक्शनने ट्रान्झॅक्शन उघडलं तेच सांगणार की हे हे कोड मला अपेक्षित आहेत. ते डीबगला, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या खालच्या पातळीला. पुन्हा प्रयत्न होणार असेल तर तेही डीबगला, शेवटचा प्रयत्न फसला तरच एरर. डेकोरेटर एक्झिक्यूटवरून काढला, लिहायची जागा एकच: ट्रान्झॅक्शनची बाहेरची कड. साडेपाचशे ओळींचं दोनशे दहा झालं.

किरकोळ: एन्व्हायर्नमेंटमधून सेटिंग वाचताना बूल("फॉल्स") केलंय. रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथनला खरीच वाटते. मान्य शब्दांची यादी ठेव, बाहेरचा शब्द आला तर ॲप सुरूच होऊ देऊ नकोस, म्हटलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हरतालिका. उद्या गणपती. तो मामाकडे चिपळूणला गेला, "तिथे रेंज नसते ताई." मीही लॅपटॉप बंद करतेय.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी गेल्या. तो आजच परतला आणि रात्री टेस्ट पाठवल्या. असर्टलॉग्ज (नोंद पडली का) आणि असर्टनोलॉग्ज (पडली नाही ना) वापरलंय. दुसरं पायथन ३.१० पासूनच आहे आणि आमचा एक जुना सर्व्हर ३.८ वर. तो सर्व्हर बदलायलाच हवा होता, आता निमित्त मिळालं.

मला हवी होती ती टेस्ट त्याने न सांगता लिहिलीय: दहा नवांचा मोबाइल, "थोडक्यात" मध्ये पाच प्रकारच्या एरर, आणि लॉगच्या कुठल्याही ओळीत ते दहा नऊ सापडता कामा नयेत. सोबत मराठी परिच्छेदाचीही, अगदी २०० चिन्हांवर जोडाक्षर तुटेल अशी जुळवून.

एक टेस्ट मी मागितली. चालू असताना सर्व्हर बंद केला तर? ती आपोआप करणं कठीण जातंय. हाताने केली: पोस्टग्रेस थांबवलं, ५७पी०१ (सर्व्हर बंद केला) आला, एस्टीडीएररवर एक ओळ, ॲप जिवंत. पुरे.

८ सप्टेंबर, सोमवार

परवा विसर्जन झालं. आज मर्ज, म्हणजे पॅच मूळ कोडमध्ये गेला.

आयातीतलं "ऑन कॉन्फ्लिक्ट" आणि मॅक्सबाइट्सची दुरुस्ती वेगळ्या कमिटमध्ये, माझ्या नावावर, संदेशात कारणासकट. योगदान करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव टाकलं. मार्गदर्शिकेतला परिच्छेद अजून लिहायचाय. सायकोपीजी २ वाली दोन वाचनालयं अजून तशीच आहेत, दिवाळीच्या आत करायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नाशिकच्या वाचनालयात नवी आवृत्ती मंगळवारी बसली. आज तिथल्या ग्रंथपाल मावशींनी पडद्याचा फोटो पाठवला. तीन दिवसांत दोनच ओळी. त्यातली एक: २३५०५, टेबल सभासद, बंधन सभासद_मोबाइल_युनिक, फंक्शन सभासद_भरा. बाकी काही नाही.

मागोमाग फोन. "ही ओळ आलीय, मी काही करायचं का?"

म्हटलं, नाही मावशी, कुणीतरी एकच मोबाइल नंबर दोघांना दिला असणार.

"हो, नवरा-बायको होते. फोन एकच आहे म्हणाले."

युनिक बंधनच चुकीचं आहे तर. नवी नोंद उघडली.